पाचव्या कार्डातली आई

आई पाचव्या कार्डापाशी थांबली. पेन्सिल कागदावर न टेकवता तशीच धरून राहिली.

दुपारचे चार वाजले होते. जेवणाच्या टेबलावर सात कार्डं मांडली होती. विद्यापीठातल्या लेखन विभागाची परिषद तीन आठवड्यांवर आली होती आणि ‘लिहिलेलं कुणाचं?’ या चर्चासत्राची जबाबदारी मुलीकडे होती. सात टेबलं. प्रत्येक टेबलावर एक खरी घडलेली घटना, नावं काढून टाकलेली. लोकांनी वीस मिनिटं वाद घालायचा आणि घंटा झाली की पुढच्या टेबलावर जायचं.

“ही चर्चा आहे की संगीतखुर्ची?” आईने पहिलं कार्ड उचलतानाच विचारलं होतं.

“तू फक्त चुका बघ गं, आई.”

चुका बघण्यातच आईची हयात गेली होती. चाळीस वर्षं तिने लोकांचे प्रबंध टाइप करून दिले. वाक्य फार लांबलं की ती नखाने टेबलावर दोनदा टकटक करायची आणि कुणालाही न विचारता ते सरळ करून टाकायची. प्रबंधवाल्यांना पत्ताही लागत नसे. आपण एवढं बरं लिहितो, याचंच त्यांना कौतुक वाटे.

पाचव्या कार्डात अशीच एक टाइप करणारी बाई होती. तिच्या मुलीला प्रबंधातलं तिसरं प्रकरण काही केल्या जमेना, तेव्हा बाईने ते स्वतः लिहून काढलं. त्याच प्रकरणाची वाहवा झाली. मुलीला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, नाव मिळालं. आईचा उल्लेख कुठेच आला नाही. कार्डाचं शेवटचं वाक्य होतं, ‘आईची स्वतःची काहीच अपेक्षा नव्हती.’

ते तिसरं प्रकरण या दोघींचंच होतं. पंचवीस वर्षांत घरात त्याचा विषय निघाला नव्हता. मुलीने ते कार्ड दुसऱ्यांनी पाठवलेल्या कार्डांत सरकवून दिलं होतं. आई तिथवर पोचली की आपण चहा करायला उठायचं, असंही ठरवलं होतं. ती उठली नाही.

“काही चुकलंय?” तिने विचारलं.

“चुकलं काही नाही गं,” आई म्हणाली. “वाचायला छान आहे.”

आणि तिने सहावं कार्ड पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार.

नंतरच्या दिवसांत मुलगी सांत्वनाच्या पत्रांना उत्तरं लिहायला बसायची. वाक्य लांबलं की बाहेरच्या खोलीतून टकटक यायची. दोनदा. ती वाक्य तोडायची, आवाज थांबायचा. एकदा तिने मुद्दाम पानभर लांब वाक्य लिहिलं आणि कान देऊन बसली. त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही.

सोळा दिवसांनी ती बैठकीला गेली. विभागप्रमुख, ग्रंथपाल आणि सल्ल्यासाठी बोलावलेल्या वकीलबाई आधीच येऊन बसले होते. सभागृहवाल्यांनी सातऐवजी सहाच टेबलं कबूल केली होती.

“मग पाचवं काढा,” विभागप्रमुख म्हणाले. “त्यात भांडणच नाही. वीस मिनिटं लोक बोलणार काय?”

“बोलणार कशाला, रडतील,” ग्रंथपाल म्हणाले. “आई म्हटलं की अर्धं सभागृह रुमाल काढतं.”

“मला विचाराल तर त्यात काही उरतच नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “आईने मागितलंच नाही काही. तिने दिलं, मुलीने घेतलं. सुटली बिचारी मुलगी.”

विभागप्रमुखांनी कार्ड तिच्याकडे सरकवलं. “टाका फाडून.”

कुठली घटना कुणी दिली हे विचारायचं नाही, असा नियमच होता. कार्ड पर्समध्ये गेलं की विषय संपला. पदवी राहील, नोकरी राहील. आणि आईने लिहिलेलं आता कायमचं मुलीचं होईल. हरकत घ्यायला जगात कुणी उरलं नव्हतं.

तिने टकटकीची वाट पाहिली. खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

“शेवटचं वाक्य खोटं आहे,” ती म्हणाली.

“तुम्हाला हो काय माहीत?” ग्रंथपालांनी हसून विचारलं.

“मीच लिहिलंय ते. ती मुलगी मी आहे.”

ग्रंथपालांचं हसू विरलं. विभागप्रमुखांनी पेनाला टोपण लावलं. वकीलबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

“असू दे हो. अशा दिवसांत माणूस स्वतःलाच बोल लावत बसतो. आई होत्या त्या. त्यांना काय हवं असणार?”

“आभारात एक ओळ,” ती म्हणाली. “तिने मागितली होती. प्रबंध बांधायला द्यायच्या आदल्या दिवशी, माझ्यासमोर उभं राहून. मी म्हटलं, टाइप करणाऱ्यांची नावं कुणी घालत नाही. आणि आभाराचं ते पान तिच्याकडूनच टाइप करून घेतलं.”