कुतूहलाचा काटा

केतकीने दोनशे प्रश्न तोंडपाठ केले होते. विज्ञान शिबिराला नववीतली पाचच मुलं घेणार होते, आणि निवड मार्कांवर नव्हे, कुतूहल मोजणाऱ्या यंत्रावर होती. साहजिकच क्लासवाल्यांनी प्रश्नांचं गाइड काढलं होतं.

"कृष्णविवराच्या आत काय असतं?" केतकीने घडाघडा विचारलं. यंत्राचा काटा शून्यावरच.

"झाडांना वेदना होतात का?" तरी शून्य.

शेजारी डबा घेऊन बसलेल्या तिच्या आईला, वंदनाताईंना, राहवेना. "अहो सर, पोरीने पाठ करून विचारलं हे या डबड्याला कळतं तरी कसं हो?"

काटा थेट शंभरावर जाऊन आदळला.

परीक्षकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "बाई, तुमचं शिक्षण?"

"नववी. तीही अर्धीच. पुढचं राहूनच गेलं."

"नववी पूर्ण नाही ना? मग नियमात बसता. सोमवारी या."

वंदनाताई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. केतकी मात्र हसली नाही. तिने गाइड मिटलं.

"आई, का राहून गेलं गं?"

दोनशे प्रश्नांत हा नव्हता. काटा पुन्हा शंभरावर आदळला.