खेळ बंद पडल्यावर

ऑनलाइन खेळ चालवणारी कंपनी बंद पडली. पती यशोधर यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या दोन वर्षं खपून त्या खेळात उभारलेलं दीपगृहही गेलं, असं हेमांगीताईंना वाटलं. यशोधरना जाऊन तेव्हा महिनाच झाला होता.

मग त्यांच्यासोबत खेळणारी गडहिंग्लजची रुखसाना घरी आली.

"काकू, दीपगृहाचा आराखडा आणि मालकी यांची ब्लॉकचेनवर नोंद कशी करायची ते मी काकांना शिकवलं होतं. ती नोंद हजारो संगणकांवर असते, कुणालाच पुसता येत नाही. त्यावरून आम्ही खेळाडूंनी दीपगृह नव्या खेळात उभं केलंय."

हेमांगीताईंनी खेळाचं जग डोळ्यांसमोर उभं करणारा चष्मा चढवला. लाटांवर दिव्याचा झोत फिरत होता. दारावर मालकाचं नाव होतं, हेमांगी. यशोधरनी शेवटच्या आठवड्यात दीपगृह पत्नीच्या नावे केलं होतं.

"तू शिकवलंस म्हणून त्यांची भेट माझ्यापर्यंत पोचली, बाळा," असं म्हणत त्या दीपगृहाचा जिना चढू लागल्या.