तिसरी तार

इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरचा काटा सरकत सरकत पार अनंताच्या खुणेवर जाऊन टेकला. म्हाताऱ्या बेयशेनने हँडल फिरवणं थांबवलं.

"बघितलंस? आणि तुमचं ऑफिस म्हणतं, भंगारात काढा!"

ऑफिसकडून तपासणीला आलेली बुरुल हसली. नारिन नदीकाठच्या या लहानशा वीजघरात दोन नंबरचं जनरेटर एक्केचाळीस वर्षं फिरत होतं आणि बेयशेन त्याची उठाबस करत होता. आज तिच्या सहीवर त्याचा निकाल लागायचा होता. वाइंडिंगचं इन्सुलेशन धड निघालं तर अजून तीन वर्षं, नाही तर सोमवारी क्रेन.

पहिलं माप फारच कमी आलं होतं. पण बेयशेन डगमगला नव्हता. "चिनी मातीवर ओल आहे, पोरी. वीज वरून पळते आणि बदनाम होतं आतलं वाइंडिंग. तुझा तो आकड्यांचा डबा ठेव बाजूला."

मग त्याने आपला जुना मेगर काढला. मापाची वायर जाळीच्या आवरणाची, वाटेत गळती नको म्हणून. वाइंडिंगचं टोक ज्यातून बाहेर येतं त्या चिनी मातीच्या गळ्याभोवती त्याने उघडी तांब्याची तार गुंडाळली आणि मेगरच्या तिसऱ्या टोकाला जोडली. वरवरची गळती ती तार परस्पर वळवते, मापात येऊच देत नाही.

वीस वर्षांपूर्वी याच फरशीवर त्याने बुरुलला हे शिकवलं होतं. तिची तार हटकून निसटायची. "घोडा बांधतेयस की रिबीन?" तो ओरडायचा. मग त्याची बायको सायरा मध्ये पडायची, दोघांच्या हातात गरम तळलेले बोरसोक कोंबायची आणि म्हणायची, "आधी खा, मग भांडा." या वाइंडिंगवरची इन्सुलेशनची पट्टी सायरानेच हाताने गुंडाळली होती. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. किती चांगले दिवस होते ते! बुरुलने पेन काढलं.

पेन कागदावर टेकेना. अनंत? म्हणजे कणभरही गळती नाही? एक्केचाळीस वर्षांच्या यंत्राचं? नवं कोरंसुद्धा एवढी फुशारकी मारत नाही.

ती वाकली. गुंडाळलेल्या तारेचं नखाएवढं टोक वर जाऊन मापाची वायर जोडलेल्या पितळी बोल्टला टेकलं होतं. म्हणजे ओलीची गळती तर सोडाच, आत वाइंडिंगमधून जे काही गळत होतं तेही तिसरी तार परस्पर पोचवत होती. मेगर बिचारा आंधळा झाला होता.

म्हाताऱ्याचे हात थरथरतात, चूक झाली असेल. तिने मान वर केली. बेयशेन खिडकीतून नदीकडे बघत होता. चूक नव्हती.

सही करून मोकळं व्हावं असं तिला फार फार वाटलं. पण या यंत्राच्या कठड्याला हात टेकून रोज कुणीतरी उभं राहणार होतं. तिने ते टोक बोटाने खाली दाबलं.

"पुन्हा फिरवा, उस्ताद."

तो आला. हँडल फिरलं. काटा जरासा हलला आणि शून्याच्या शेजारीच बसून राहिला. ओलीचा काही दोष नव्हता. वाइंडिंगच संपलं होतं.

बुरुलने आकडा लिहिला, सही केली. बेयशेन तार उलगडून नीट वेटोळं करत होता. त्याच्याकडे बघवेना.

"मला माफ करा," ती म्हणाली. "ऑफिसने दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला हवं होतं."

"दुसराच येणार होता. मी तीन पत्रं लिहून तुला मागून घेतलं."

"मला? का?"

बेयशेनने तारेचं वेटोळं तिच्या हातात ठेवलं.

"सायराच्या हातचं काम संपलं, हे माझ्या तोंडून निघेना. आणि दुसऱ्याला ते टोक दिसलं नसतं."