मोक्षातलं रडणं

रेकॉर्डर घेऊन आलेली शहरातली पोरगी चार दिवस शेजारच्या अगाफ्याकडेच बसत होती आणि इकडे फ्योक्लाचा जळफळाट होत होता.

रशियातल्या त्या गावात मोक्षा भाषा बोलणाऱ्या या दोघीच म्हाताऱ्या उरल्या होत्या. मेलेल्यासाठी मोक्षातून गाऊन रडायची रीत तर अगाफ्याला फ्योक्लानेच शिकवली होती!

पाचव्या दिवशी धिरड्यांचं ताट घेऊन ती तरातरा शेजारी गेली. "हिला काय कप्पाळ येतंय?"

"ऐकव गं तिला," अगाफ्या पोरीला म्हणाली. रेकॉर्डरमधून अगाफ्याचा विलाप उमटला. त्यात नाव फ्योक्लाचं होतं.

"मी गेले तर तू रडशील. मग तू जाशील तेव्हा मोक्षातून कोण रडणार? म्हणून आधीच रडून ठेवलं."

फ्योक्लाने डोईच्या रुमालाने डोळे पुसले. "दुसरी ओळ चुकलीये. पुन्हा रड."