मॉरिशसचे सर

सर जेवायला बसले, तसा आश्रुबा थेट त्यांच्या ताटासमोर येऊन बसला आणि मॉरिशसला भाकरी कशाची करतात, असं त्यानं विचारलं.

सर जरा थांबले. तिकडं चपात्याच जास्त, असं म्हणाले आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर ज्वारीची दुसरी भाकरी संपवली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. आश्रुबानं ते नीट पाहिलं.

चकलांब्याजवळच्या या वस्तीवर दसऱ्यानंतर म्हातारी माणसं तेवढी उरतात. बाकीचे कोयते घेऊन साखर कारखान्यांकडं निघतात आणि लेकरंही उसाच्या फडात जातात. मागल्या साली शाळेत लेकरांसाठी वसतिगृह काढलं होतं. पण मास्तर पडले जवळपासचेच. शनिवारी गावाकडं गेले की बुधवारी उगवायचे. लेकरं उपाशी राहिली. पुन्हा म्हणून ठेवायची नाहीत, असं आयांनी ठरवून टाकलं.

मग एका संस्थेनं ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी परदेशातून शिक्षक बोलवायचं काढलं. मॉरिशसला मराठी बोलणारी माणसं आहेत. त्यांचे खापरपणजे बोटीनं गेले ते उसात राबायलाच. मुख्याध्यापिका मंजुषाबाईंनी अर्ज केला आणि शिवशंकर सर आले. समुद्र ओलांडून आलेला माणूस शनिवारी घरी पळणार कसा? आयांना हे पटलं. लेकरं ठेवायला त्या तयार झाल्या.

फक्त आश्रुबा काही सरांचा पिच्छा सोडेना.

तो शाळा समितीचा अध्यक्ष. त्याची नात दिपाली आठवीला. ऊसतोडीला माणसं नेणारा त्रिंबक मुकादम तिच्या बापाच्या मागंच लागला होता, पोरगी सोबत घ्या, धाकट्याला सांभाळील, मोळ्या बांधील. दिपालीची थोरली बहीण अशीच एका हंगामापुरती गेली होती. तिला पुन्हा शाळा काही दिसली नाही. तिकडून आली आणि लगीन लावून दिलं. सर खोटे निघाले तर दिपालीही ट्रकमध्ये बसणार, हे वस्तीला माहीत होतं. मग हा म्हातारा एवढं उकरतोय तरी कशाला?

सकाळी सर आंघोळीला निघाले की आश्रुबा हौदावर हजर. विमानात झोप लागली का? तिकडं पाऊस कधी पडतो? घरापासून समुद्र दिसतो का? सर हसून उत्तरं द्यायचे, पण ते हसू आता आखडत चाललं होतं. वर्गात मात्र हा माणूस वेगळाच. अपूर्णांक शिकवताना त्यानं पोरांना उसाचं टिपरू मोडायला लावलं, आणि दिपाली घरी येऊन बापालाच गणितं घालायला लागली. आश्रुबानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सून शेवटी चिडलीच. पोरीचं वाटोळं करायचं मनात हाय का तुमच्या, असं तिनं सासऱ्याला तोंडावर विचारलं.

ट्रक लागायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, आश्रुबानं सरांना शाळेमागच्या खोलीपाशी गाठलं.

"सर, तुमी परळीचे हाव."

सरांचा चेहरा उतरला.

"पाणी घ्यायच्या आदी तुमी रिकामा पेला उलटा करून झटकता. हितं कुठं परळीवानी वीज कारखान्याची राख उडती? माझी सासुरवाडी परळीचीच हाय. तिथं समदे असंच झटकत्यात."

सर पायरीवर बसले. सगळं खरंच होतं. शिक्षक व्हायचं शिकून बसलेले, पण नोकरी काही लागत नव्हती. मॉरिशसच्या शिक्षकानं ऐनवेळी यायचं रद्द केलं, तेव्हा बाईंनी त्यांना विचारलं आणि ते हो म्हणाले. शनिवारी मी पळणार नव्हतो, असं ते पुन्हापुन्हा सांगत राहिले. मग उठले, खोलीत गेले आणि कपडे पिशवीत कोंबायला लागले.

आश्रुबा दारात येऊन उभा राहिला.

"ठिवा ती पिशवी. उद्या मुकादम चार लोकांत तुमाला उलटंपालटं इचारणार हाय. तुमी कुठं फसताव, ते मी त्येच्या आदी बघत होतो. पेला झटकायचं सोडा, आन ठेचा खाताना जरा डोळ्यांत पाणी येऊ द्या."

सरांनी पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्ही हे कुणाला सांगणार नाही?"

"मी काहून सांगू? मॉरिशसचा येत न्हाई तर परळीचा आणा, पर मॉरिशसचा म्हणूनच आणा, ह्ये बाईला सांगणारा मीच की."