निम्मा खरवस
भुलीच्या डॉक्टरांनी स्ट्रेचर थांबवून पुन्हा विचारलं, "सकाळपासून पोटात काही गेलंय?" राजनंदिनीनं आईकडं बघितलं. सारजानं हातातला डबा पदराआड घेतला. मागच्या खेपेला नुसत्या चहापायी लेकीचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. उपाशी कशासाठी राहायचं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. काल गावाकडं, पणदऱ्यात, म्हैस व्याली होती. चिकाच्या खरवसानं अंगात ताकद राहील म्हणून तिनं आत्ताच जिन्याखाली लेकीला तो खाऊ घातला होता. "न्हाय वो सायेब, पाण्याचा थेंबबी न्हाय." स्ट्रेचर आत गेलं. दार मिटलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले. "भूल देताना उलटी फुप्फुसात गेली. वाचवता नाही आलं." सारजाच्या पदराआडचा डबा निसटून कलंडला, झाकण घरंगळलं. आत निम्मा खरवस तसाच होता. लेकीनंच ठेवायला लावला होता: "निम्मा तुला, आई. तूबी कालपासनं उपाशीच हायेस."