पाठमोरे

साडेपाच वाजून गेले तरी फोनच्या पडद्यावर परीक्षा घेणाऱ्या मेलबर्नच्या बाई काही उगवेनात. समुद्राच्या बांधावर बसलेल्या लोसाने परीक्षेची वेळ पुन्हा उघडून पाहिली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मेलबर्नकरांनी रविवारी आपली घड्याळं तासभर मागे केली होती. तिकडच्या दुपारच्या परीक्षेला सामोआत आता साडेसहा वाजणार होते, गावाच्या सांजप्रार्थनेच्या ऐन वेळी. हा फरक तिने धरलाच नव्हता.

पहिल्या शंखाला सगळं गाव आपापल्या घरी परतायचं, दुसऱ्याला प्रार्थनेला बसायचं, तिसऱ्याला मोकळं व्हायचं. रस्त्यावर फक्त पहारेकरी. त्यांना कुणी बाहेर दिसलं तर त्याच्या घरच्यांनी गावसभेला डुक्कर द्यायचं आणि सगळ्यांदेखत मान खाली घालायची. लोसाचा भाऊ एकदा असाच बाहेर सापडला होता; त्यात गेलेल्या डुकराची आठवण वडील अजून जेवताना काढत. आणि घर पडलं टेकडीआड. फोनला रेंज यायची ती या बांधावरच.

दवाखान्यात दिवसभर नर्सचं काम करून तिने जागतिक आरोग्याच्या प्रमाणपत्राचा अभ्यास वर्षभर रेटला होता. राहिली होती ही एवढी तोंडी परीक्षा. ती झाली की राजधानीत, आपियाच्या लसीकरण खात्यात, बेटाबेटांवर पथकं धाडायची जागा तिची होती. या महिन्यात प्रमाणपत्र दाखवलं नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाची. घास अगदी हातातोंडाशी आला होता.

ती तिथेच बसून राहिली. पहिला शंख वाजला. काठी टेकत, पहाऱ्यावर असलेला तिचा चुलतभाऊ पेनी आला.

"काय गं, कान दवाखान्यात विसरलीस का? ऊठ."

"परीक्षा आहे. वीस मिनिटं."

"आणि डुक्कर कोण देणार? तुझ्या मेलबर्नच्या बाई?"

"पेनी, मी आता उठले तर ती नोकरी गेली."

पेनीने डोकं खाजवलं. भाऊ म्हणून त्याला गप्प बसायचं होतं, पहारेकरी म्हणून बसता येत नव्हतं. शेवटी तो मुलीपोला नावाच्या वृद्ध गृहस्थांना घेऊन आला. गावसभेतले हे सगळ्यात थोरले. प्रार्थनेच्या बाबतीत पोटच्या पोरालाही न सोडणारे.

म्हाताऱ्याने तिच्या अंगावरच्या नर्सच्या कपड्यांकडे पाहिलं, मग फोनकडे.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं, आजोबा. वेळ धरण्यात माझीच चूक झाली."

ते मागे वळले. रस्त्यावर जाऊन पहारेकऱ्यांशी हळू आवाजात काहीतरी बोलले. तेवढ्यात फोन वाजला आणि दुसरा शंखही.

डॉक्टर हार्टिगन बाईंनी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. पहिले दोन प्रश्न लोसाने सोडवले. घराघरातून प्रार्थनेची गाणी सुरू झाली होती, आवाज थोडा चढवावा लागत होता. वडील आता मान खाली घालून गात असतील, आणि उद्या गावसभेपुढेही त्यांना ती तशीच घालावी लागणार, हे काही तिच्या मनातून जाईना.

"तुमच्या आराखड्यात पथक गावात पोचलं की आधी गावसभेकडे जातं," बाई म्हणाल्या. "लसीची पेटी उन्हात आणि तुम्ही सभेत. इतका वेळ घालवायचाच कशाला? आणि सभा नाही म्हणाली तर?"

याचं उत्तर लोसाला पाठ होतं, आकड्यांसकट. बोलायला तिने मान वर केली आणि तिची नजर रस्त्याकडे गेली.

रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पहारेकरी बांधाकडे पाठ करून उभे होते. सगळे डोंगराकडे बघत. मधोमध मुलीपोला, हात मागे बांधून. एकाचीही मान वळत नव्हती.

तिने फोन त्यांच्याकडे फिरवला.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"गावसभेचे पहारेकरी. आत्ता कुणी बाहेर दिसलं तर घरच्यांना दंड होतो."

"मग हे तिकडे काय बघताहेत?"

"काही नाही, मॅडम. मला बघत नाहीयेत." लोसाने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला. "आधी यांच्याकडे एवढ्यासाठी जायचं. एकदा यांनी कुणाला आपलं मानलं की नियम न मोडता वाट काढतात."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग आणखी एकच प्रश्न त्यांनी विचारला, तोही सोपा, आणि म्हणाल्या, "पत्र रीतसर येईलच. पण आपियाला तुम्ही आजच कळवायला हरकत नाही."

तिसरा शंख वाजला. गाव पुन्हा हलू लागलं. मुलीपोला वळले आणि तिला बघून थबकले.

"लोसा? तू कधी आलीस इथे?"

तिला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते. पण आभार मानावेत, तर त्यांनी आपल्याला पाहिलं असं होणार. जन्मात कुणाचं इतकं देणं वाटलं नव्हतं, आणि तोंडाने एक शब्द काढायची सोय नव्हती.

"आत्ताच, आजोबा," ती म्हणाली.

"मग घरी जा. आई जेवायची थांबली असेल."

ते चालू लागले. चार पावलं गेल्यावर थांबले, आणि मागे न बघताच त्यांनी विचारलं, "पास झालीस ना?"